अण्णांच्या यादीतली नऊ नावं

पत्र

प्रिय काका,

मी सांगलीची. वय ३१, बँकेत नोकरी. माझे वडील, अण्णा, दीड वर्षापूर्वी गेले. साखर कारखान्यात फिटर होते. मुंबईला गेले की काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून एखादी रेकॉर्ड हमखास घेऊन यायचे. आम्हा मुलांना हात लावू द्यायचे नाहीत. २०१९ च्या पुरात घरात पाणी शिरलं तेव्हा एक खोका त्यांनी उचलून वर नेला, दुसरा भिजला. नंतर दोन्ही पोटमाळ्यावर गेले, ते मी आता खाली काढले.

एकूण ४१ रेकॉर्ड आहेत. निम्म्याहून जास्त नाट्यगीतं, भावगीतं आणि हिंदी. बाकीच्या अशा : बीटल्सची ‘रिव्हॉल्व्हर’, डेव्ह ब्रुबेकची ‘टाइम आउट’, ‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’चा तीन रेकॉर्डचा डबा, शंकर-जयकिशनची ‘रागा जॅझ स्टाइल’, बोनी एमच्या दोन, आणि क्वीनच्या ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’चं नुसतं जॅकेट, आत काही नाही. शिवाय दोन जाड, जड, आकाराने लहान तबकड्या. त्यांच्यावर पार्लोफोन आणि बीटल्स असं लिहिलंय. अण्णांचा एचएमव्ही फिएस्टा प्लेअरही आहे, बंद आहे.

त्यांच्या डायरीत ‘घ्यायच्या’ असं लिहून नऊ नावं आहेत : ‘काइंड ऑफ ब्लू’, ‘अ लव्ह सुप्रीम’, ‘शक्ती’, ‘सार्जंट पेपर्स’, ‘डार्क साइड ऑफ द मून’, ‘पेट साउंड्स’. मग खाली वेगळ्या पेनाने, जरा गोलसर अक्षरात ‘टॅपेस्ट्री’, ‘रूमर्स’, ‘थ्रिलर’.

दादा म्हणतो, हे सगळं फोनवर ऐकायला मिळतं. आई म्हणते, विकून टाक. कोल्हापूरचे एक गृहस्थ दोन्ही खोके गठ्ठ्याने १५ हजारांना मागतायत. माझ्याकडे साठवलेले ३० हजार आहेत. विकू, की अण्णांची यादी पूर्ण करू? मला यातलं काही कळत नाही. अण्णा ‘टाइम आउट’ लावून डोळे मिटून अंगठ्याने पेरं मोजत बसायचे, तेवढं आठवतं. मला अगं-तुगंच करा.

— अण्णांची मुलगी, सांगली

उत्तर

अगं, सगळ्यात आधी कोल्हापूरच्या त्या गृहस्थांना ‘सध्या नाही’ एवढं कळव. भांडायचं कारण नाही, गठ्ठ्याने घेणं हा त्यांचा धंदा आहे. पण तुझ्या पत्रातल्या ज्या दोन तबकड्यांचा उल्लेख तू जाता जाता केलायस, त्यांच्यावर माझी नजर अडकली.

जाड, जड, लहान आणि वर बीटल्स, म्हणजे त्या ७८ च्या असणार. मिनिटाला ७८ फेरे. बीटल्स गाजायला लागले तोवर त्यांच्या स्वतःच्या देशात ७८ बंद झाल्या होत्या, तिकडे त्यांची गाणी ४५ फेऱ्यांच्या छोट्या रेकॉर्डवर आणि एलपीवर, म्हणजे मोठ्या रेकॉर्डवर, निघाली. आपल्याकडे मात्र गावोगाव चावीचे फोनो होते, वीज सगळीकडे पोचली नव्हती. त्यामुळे ग्रामोफोन कंपनीने इथे साधारण १९६५ पर्यंत बीटल्सची गाणी ७८ वरसुद्धा काढली. जगभरचे संग्राहक त्या शोधत असतात. लेबलवर डीपीई या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारा नंबर दिसतो का ते बघ. दिसला तर त्या दोन तबकड्या बाकीच्या गठ्ठ्यातून आजच वेगळ्या काढ, मऊ कापडात गुंडाळ आणि उंचावर ठेवू नकोस. ७८ लाखेची असते. हातातून सुटली की बांगडीसारखी फुटते.

आणि त्यांना स्पिरिट लावू नकोस. हे मी मुद्दाम सांगतोय. चाळीसेक वर्षांपूर्वी साताऱ्यात आमच्या शनिवार पेठेतल्या घरी आत्याची एक जुनी ७८ होती, तिच्यावर पावसाळ्यात बुरशीचे पांढरे ठिपके आले. मी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुसायला घेतला. बोळा काळा झाला, मला वाटलं मळ निघतोय. मळ नव्हता तो, रेकॉर्डच निघत होती. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. नंतर ती लावली तेव्हा गाण्याच्या जागी भजी तळल्यासारखा आवाज. आत्या काही बोलली नाही, तिने ती परत कव्हरात घातली आणि कपाटात ठेवली. मला आजही ते कपाट आठवतं.

आता भिजलेला खोका. पुराचा गाळ म्हणजे बारीक वाळूच. कोरड्या कापडाने पुसलास तर पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होईल, एवढं एक लक्षात ठेव. एलपी व्हिनाइलच्या असतात, पाण्याने त्यांचं बिघडत नाही, बिघडतं ते घासण्याने आणि उन्हाने. बॅटरीवाल्याकडे डिस्टिल्ड वॉटरचा कॅन मिळतो तो आण. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, वाळल्यावर खाचांमध्ये क्षार राहतात. परातीत कोमट पाणी घे, त्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब. रेकॉर्ड दोन्ही तळव्यांत कडेने धर, मधलं लेबल पाण्याबाहेर राहील अशी उभी बुडव आणि हळूहळू फिरव. दोन-तीन फेऱ्यांत पाणी चहासारखं होईल. ते फेकून दुसरं घे. गाळ सुटला की मगच लहान बाळाच्या केसांसाठी असतो तसला मऊ ब्रश खाचांच्या दिशेने, गोल, फिरवायचा. आडवा कधीच नाही. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन, ताटं उभी करायच्या रॅकमध्ये सावलीत वाळव. पंख्याखाली चालेल. ड्रायर नको, गच्ची नको. सांगलीचं एप्रिलमधलं ऊन अर्ध्या तासात रेकॉर्डची पुरणपोळी करतं. हे सगळं एलपींसाठी. त्या दोन ७८ ना तूर्त पाणीही लावू नकोस.

जॅकेटांचा लगदा झाला असेल तर ओढून सुटी करू नकोस. जी सुटतील ती साध्या कोऱ्या कागदांमध्ये दाबून वाळव, वरून हलकं वजन ठेव आणि कागद रोज बदल. जी गेली ती गेली. पण मागच्या बाजूचा मजकूर वाचता येत असेल तर ते जॅकेट टाकायचं नाही, कितीही डागाळलेलं असो. का ते पुढे सांगतो. रेकॉर्डला नवीन आतली कव्हरं घाल आणि पुस्तकांसारखी उभी ठेव, न कोंबता. रोलिंग स्टोन्सच्या १९७१ च्या ‘स्टिकी फिंगर्स’च्या जॅकेटवर खरीखुरी झिप बसवली होती. थप्पीच्या दाबाने झिपचं टोक शेजारच्या रेकॉर्डमध्ये रुतायला लागलं, तेव्हा ती आधीच अर्धी उघडून पाठवायला लागले, म्हणजे खड्डा पडला तर लेबलवर पडेल. रेकॉर्डची थप्पी काय करते ते यावरून समजून घे.

पैशांचं बोलू. ३० हजारांतले निम्मे प्लेअरवर जाऊ देत. अण्णांचा फिएस्टा दुरुस्त करून ठेव, त्यावर ७८ ऐकता येतील आणि त्याचा तो लाकडी आवाज घरात असावा. पण त्याची पिन जड दाबते. ‘रिव्हॉल्व्हर’ रोज त्यावर लावलीस तर खाचा झिजतील. नवीन, मॅग्नेटिक कार्ट्रिजचा (कार्ट्रिज म्हणजे सुई बसते तो भाग), साधा बेल्टवर चालणारा प्लेअर १५-१६ हजारांच्या आसपास मिळतो, त्यात आतच प्रीअँप, म्हणजे सुईचा बारीक आवाज वाढवणारा भाग, असतो. दादाच्या स्पीकरला ऑक्सची वायर जोडलीस की झालं. सुटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर घेऊ नकोस, त्यांच्या सुया फिएस्टासारख्याच जड असतात. ब्रश, कव्हरं, पाणी यांना दोनेक हजार. उरतात ते साधारण तीन नव्या रेकॉर्डचे, कारण नवी एलपी आज अडीच ते चार हजारांना पडते.

नऊतल्या तीन. म्हणून यादी पूर्ण करू का, या प्रश्नाचं माझं उत्तर ‘नको’ असं आहे. पैसे कमी आहेत म्हणून म्हणत नाही. पैसे असते तरी हेच म्हटलं असतं. अण्णांना ज्या घ्यायच्या होत्या त्या त्यांना ऐकायच्या होत्या. नऊ रेकॉर्ड एका झटक्यात मागवून कपाटात लावल्यास, तर यादीवर नऊ खुणा होतील आणि ऐकणं राहूनच जाईल. एक रेकॉर्ड, महिनाभर, दोन्ही बाजू, असं कर.

आणि कुठली घ्यायची ते त्या यादीतच आहे. तू म्हणतेस मला यातलं काही कळत नाही, आणि त्याच पत्रात अण्णा पेरं मोजत बसायचे हेही लिहितेस. बाळा, तीच किल्ली आहे.

‘टाइम आउट’ काढ. ती भिजली नसेल अशी आशा करतो. १९५९ ची रेकॉर्ड. त्या काळी जॅझ म्हणजे बहुतेक चार मात्रांचं. ब्रुबेक आदल्या वर्षी, १९५८ मध्ये, तुर्कस्तानापासून भारतापर्यंत दौरा करून गेले होते. तुर्कस्तानात रस्त्यावरचे वादक नऊ मात्रांत वाजवताना त्यांनी ऐकले आणि त्यातून पहिल्या बाजूचं पहिलं गाणं झालं : दोन-दोन-दोन-तीन, दोन-दोन-दोन-तीन. त्याच बाजूवर ‘टेक फाइव्ह’ आहे, ते सॅक्सोफोनवाल्या पॉल डेस्मंड यांचं. पियानोचा ठेका धर : तीन आणि दोन, पाच मात्रा. झपतालाचा एक अर्धा उलटा करून ठेवल्यासारखा. अण्णांचा अंगठा कुठल्या पेरावर कुठे जात असेल ते तुला मोजताना कळेल. जो मुलूख नाट्यगीतं ऐकत वाढला त्याला हे मोजणं शिकवावं लागत नाही, शेजारी मिरजेत तर ते हवेतच आहे.

आता यादीकडे बघ. पिंक फ्लॉइडची ‘डार्क साइड ऑफ द मून’, १९७३. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं नाण्यांच्या खणखणाटाने, कागद फाटल्याच्या आणि गल्ल्याच्या आवाजाने सुरू होतं. ते आवाज त्यांनी टेपचे सारख्या मापाचे तुकडे कापून, जोडून, गोल फिरवले. तुकडे किती? सात. सगळं गाणं सात मात्रांवर चालतं, रूपकाएवढं. मध्ये गिटार चढली की चारवर येतं, आणि परत सातवर उतरतं. ‘शक्ती’ : जॉन मॅक्लॉफ्लिन यांची गिटार, एल. शंकर यांचं व्हायोलिन, झाकीर हुसेन यांचा तबला, विक्कू विनायकराम यांचा घटम. अमेरिकेतल्या एका कॉलेजात जुलै १९७५ मध्ये प्रत्यक्ष कार्यक्रमात ध्वनिमुद्रित झालेली, १९७६ मध्ये निघालेली. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर्स’मध्ये दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला जॉर्ज हॅरिसनचं गाणं आहे, त्यातला मधला वाद्यांचा तुकडा दहा मात्रांचा. तुझे अण्णा वर्तमानपत्रातली ‘उत्तम अल्बम’ यादी उतरवत नव्हते. ते मात्रांच्या मागावर होते, एका रेकॉर्डवरून दुसरीकडे.

जॅकेट टाकू नको म्हटलं ते यासाठी. ‘रिव्हॉल्व्हर’ची मागची बाजू बघ, बारीक अक्षरात. १९६६ साल, जगातला सगळ्यात गाजलेला बँड, आणि तिथे तबल्यापुढे नाव आहे अनिल भागवत. आपलं नाव. ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा जॅकेट खिडकीशी नेऊन पुन्हा वाचलं होतं. ‘सार्जंट पेपर्स’च्या वेळी मात्र त्या दहा मात्रांच्या गाण्यावर वाजवणाऱ्या भारतीय वादकांची नावं जॅकेटवर आलीच नाहीत, ती कित्येक वर्षांनी उजेडात आली. दिलरुबा वाजवणाऱ्यांपैकी एकांचं नाव अण्णा जोशी. रेकॉर्डचा संग्रह करायचा तो असा, मागच्या बाजूची नावं वाचत. हा तबलजी आणखी कुठे वाजला, हा ध्वनिमुद्रक कोण, हा स्टुडिओ कुठला. ‘सर्वोत्तम १००’च्या याद्या सगळ्यांसाठी सारख्याच असतात. जॅकेटच्या मागून निघणारी वाट तुझी एकटीची असते.

तर माझ्या मते पहिली घ्यायची ती माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’. तीही १९५९ चीच. आणि गंमत बघ, ‘टाइम आउट’ आणि ती, दोन्ही न्यूयॉर्कच्या ३० व्या रस्त्यावरच्या एकाच स्टुडिओत, काही महिन्यांच्या अंतराने ध्वनिमुद्रित झाल्या. मुळात ते चर्च होतं, उंच छताचं. तुझ्याकडची ‘टाइम आउट’ लाव, मग ही लाव, आणि ड्रमच्या झांजेभोवती जी पोकळी ऐकू येते ती ओळखू येते का बघ.

जॅझ अवघड आहे असं तुला कुणी सांगितलं असेल. या रेकॉर्डसाठी तरी ते खरं नाही, निदान आपल्या कानांना तरी. तोवरच्या जॅझमध्ये सुरावटीखाली कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, भराभर बदलायच्या, वाजवणाऱ्याने त्यांच्यामागे धावायचं. माइल्सनी इथे ती धावपळ काढून टाकली, एक स्वरपट्टी घ्यायची आणि तिच्यावर थांबायचं. पहिलं गाणं ‘सो व्हॉट’ ऐक : सुरुवातीला बास काहीतरी विचारतो, बाकीचे दोन स्वरांत उत्तर देतात. त्याची स्वरपट्टी म्हणजे आपला काफी थाट, दुसरं काही नाही. सोळा मापं (चार मात्रांचं एक माप) काफी, मग आठ मापं तेच सगळं अर्धा स्वर वर उचललेलं, आणि परत आठ खाली. ते वर उचलणं पकडता आलं की सोलो सुरू असतानाही आपण नेमके कुठे आहोत ते कळतं, सम कळावी तसं. माइल्सनंतर जॉन कोल्ट्रेन, मग कॅननबॉल अ‍ॅडर्ली. एकच स्वरपट्टी, तीन माणसं, तीन स्वभाव. पियानोवर बिल इव्हान्स. जॅकेटमागचा मजकूरही त्यांचाच.

हिची जुनी, मूळ प्रत शोधत बसू नकोस. २ मार्च १९५९ च्या सत्रात टेपचं यंत्र किंचित हळू फिरत होतं, त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी रेकॉर्डवर किंचित चढी उतरली. तीस-पस्तीस वर्षं जगाने ती तशीच ऐकली. १९९० च्या दशकात चूक सुधारली. म्हणजे आज मिळणारी नवी, नीट काढलेली प्रत स्वराला मूळ प्रतीहून खरी आहे. मूळ प्रत ही मालकीची हौस आहे, तुला ऐकायचंय.

दुसरी ‘डार्क साइड’. सात मात्रांसाठी तर घेच, पण पहिल्या बाजूच्या शेवटच्या गाण्यासाठीही घे. क्लेअर टोरी नावाच्या गायिकेने त्यात शब्दच घेतलेले नाहीत, नुसता आलाप आहे, हंबरण्यापासून पुटपुटण्यापर्यंत. ते संपतं आणि सुई लेबलशेजारी टकटक करायला लागते. तेव्हा उठून रेकॉर्ड उलटायची, नाण्यांचा आवाज सुरू होईपर्यंत मध्ये जी शांतता असते ती फोनवर नाही. दादाला त्याच्या बोलण्याचं उत्तर देत बसू नकोस, त्याला त्या वेळी खोलीत बसव.

‘अ लव्ह सुप्रीम’ मागे ठेवली म्हणून रागावू नकोस. माझ्या घराला आग लागली तर मी जी एक रेकॉर्ड उचलेन ती हीच. ९ डिसेंबर १९६४ ला, एका दिवसात, चौघांनी वाजवलेली, चार भागांची. कोल्ट्रेन यांनी देवाला उद्देशून एक कविता लिहिली होती, ती जॅकेटच्या आत छापलीय. शेवटच्या भागात ते ती कविता सॅक्सोफोनवर म्हणतात, शब्दागणिक, ओळ संपली की श्वास. जॅकेट उघडून मांडीवर ठेवायचं आणि बोट फिरवत ऐकायचं, आजी हरिपाठाच्या पोथीवर बोट फिरवत वाचते तसं. पण ही रेकॉर्ड पहिल्या महिन्यात ऐकलीस तर अंगावर येईल. ‘काइंड ऑफ ब्लू’मधला कोल्ट्रेन ओळखीचा होऊ दे, मग तोच पाच वर्षांनी कुठे पोचला ते ऐक.

‘शक्ती’ आणि ‘सार्जंट पेपर्स’ जुन्या बाजारात मिळाल्या तर घे, घाई नको. बीच बॉइजची ‘पेट साउंड्स’ चांगली आहे, थांबू शकते.

जुन्या बाजारात घेताना एवढंच : प्रतीचा दर्जा विचार, आणि ‘व्हेरी गुड’ म्हणजे खरखर असणार हे धरून चाल. लेबलशेजारच्या गुळगुळीत काळ्या पट्ट्यावर कोरलेला नंबर असतो, त्याचा फोटो मागव. कोणता छाप ते त्यावरून कळतं, जॅकेटवरून नाही. मी एकदा एका विक्रेत्याकडून जॅकेट बघून जॅझची रेकॉर्ड घेतली, मूळ छापाचे पैसे मोजले आणि घरी येऊन नंबर वाचला तर आत वीस वर्षांनंतरचा छाप. तेव्हापासून आधी रेकॉर्ड बाहेर काढतो, उजेडात तिरपी धरतो, मग बोलतो.

घरात आहे त्यालाही विसरू नकोस. ‘रागा जॅझ स्टाइल’ १९६८ ची आहे, सतारीवर रईस खान. हिंदी सिनेमासाठी रात्रंदिवस वाजवणारी मंडळी इथे अकरा राग जॅझच्या अंगाने वाजवतात. परदेशातले लोक ही रेकॉर्ड शोधतात, तुझ्या पोटमाळ्यावर होती. आणि बांगलादेशच्या डब्याची पहिली बाजू प्लेअर सुरू झाला की त्याच दिवशी ऐक. १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्क. रविशंकर, अली अकबर खान, अल्लारखा मंचावर आहेत. वाद्यं लावून होतात आणि हजारो लोक टाळ्या वाजवतात. त्यावर रविशंकर शांतपणे म्हणतात की नुसतं जुळवणं एवढं आवडलं असेल तर वाजवणं आणखी आवडेल. तू तंबोरे बनवणाऱ्या मिरजेच्या शेजारची. जवारी, म्हणजे तारांचा झंकार, लावायला कारागिराला किती वेळ लागतो ते तू पाहिलं असशील. ती बाजू तू त्या हजारो लोकांपेक्षा जास्त समजून ऐकशील.

क्वीनचं रिकामं जॅकेट फ्रेम करू नकोस, कपाटातच ठेव. त्यावरचं ते बोधचिन्ह, दोन सिंह, खेकडा, पऱ्या, फ्रेडी मर्क्युरीने स्वतः काढलेलं. आठ-नऊ वर्षांचा असताना झांझिबारहून तो आमच्या जिल्ह्यात पाचगणीला सेंट पीटर्स शाळेत आला, तिथेच पियानो शिकला, तिथेच शाळेतल्या पोरांचा पहिला बँड केला. पसरणीचा घाट चढताना मला दर वेळी आठवतं ते. १९७५ ची ती रेकॉर्ड कुठेतरी वापरलेली, जॅकेट फाटलेली म्हणून स्वस्तात मिळेल. तशीच घे, जॅकेट तुझ्याकडे आहेच.

तिसऱ्या रेकॉर्डचं मी अजून बोललो नाही. यादीतली खालची तीन नावं, वेगळं पेन, गोलसर अक्षर. कॅरोल किंगची ‘टॅपेस्ट्री’, फ्लीटवुड मॅकची ‘रूमर्स’, मायकल जॅक्सनची ‘थ्रिलर’. त्या तिन्हींत मोजत बसावं असं फारसं काही नाही. ती गाणी आहेत, पाठ होणारी, काम करता करता म्हणायची. पेरं मोजणाऱ्या माणसाची ही निवड वाटत नाही मला. माझा अंदाज चुकू शकतो. पण डायरी आईपुढे ठेव आणि विचार हे अक्षर कुणाचं. विकून टाक म्हणणाऱ्या माणसाला बरेचदा ते खोके उघडलेले बघवत नसतात, म्हणून जपून विचार, एखाद्या दुपारी, दादा घरात नसताना. ‘टॅपेस्ट्री’चं जॅकेट फोनवर काढून दाखव : १९७१ ची, कॅरोल किंग खिडकीत अनवाणी बसलीय, हातात तिने स्वतः टाके घालून भरलेलं कापड, पुढे मांजर. आई काही बोलली तर ऐकून घे, नाही बोलली तर फोन तिच्याजवळ राहू दे.

तोवर तिसऱ्या रेकॉर्डचे तीन हजार बाजूला ठेव. आणि त्या दोन तबकड्यांवरचे नंबर मला लिहून पाठव, दोन्ही बाजूंचे.